बेटावरचं साधेपण आणि आपली विहीर

आज डाळिंबाच्या छाटणीवर किंवा तेल्यावर लिहीत नाही. डिसेंबरात पुतण्याबरोबर लक्षद्वीपला जाऊन आलो. आल्यापासून जो तो विचारतोय, काय बघितलं म्हणून. निळा समुद्र आणि पांढरी वाळू तर फोटोत दिसतेच. मला तिथं जे दिसलं ते पाण्याचं गणित होतं, आणि ते आपल्या सांगोल्याकडच्या शेतकऱ्याच्या फार कामाचं आहे.

आधी जागा कशी आहे ते सांगतो. परवाना काढून कोचीहून जहाजानं जाता येतं. एकूण 36 बेटं धरतात, त्यातल्या 10 बेटांवर वस्ती. सगळ्या बेटांची जमीन मिळून फक्त 32 चौरस किलोमीटर, म्हणजे आठ हजार एकरसुद्धा भरत नाही. आपल्या तालुक्यातल्या दोन-तीन मोठ्या गावांचं शिवार म्हणा. त्यावर 2011 च्या जनगणनेला 64 हजारांवर माणसं होती. कवरत्ती हे मुख्य ठिकाण. हजारभर एकराचं बेट आणि त्यावर 11 हजार लोक. नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. समुद्रापासून जमिनीची उंची एक-दोन मीटर. माती म्हणजे प्रवाळाची पांढरी वाळू, त्यात माड उभे.

आमच्याबरोबर जहाजात पुण्या-मुंबईची बरीच मंडळी होती. भली माणसं. पण सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "किती साधी माणसं आहेत हो, यांना काही नकोच!" मला हे पटलं नाही. माणूस तिथलाही माणूसच आहे. त्यालाही चांगलं घर पाहिजे, मुलाला कॉलेज पाहिजे, मोटारसायकल पाहिजे. तिथलं साधेपण स्वभावातून आलेलं नाही, ते हिशेबातून आलंय. आणि तो हिशेब पाण्याचा आहे.

कल्पेनी बेटावर एका घरी चहाला थांबलो होतो. परसात आड होता, आणि पाणी एवढं वर की वाकून हात लावावा असं वाटेल. मी म्हटलं, चाचा, चैन आहे तुमची, आमच्याकडं सहाशे फूट गेलं तरी धूळ निघते. त्यांना हिंदी बऱ्यापैकी येत होतं. ते हसले आणि म्हणाले, "पाणी वर आहे म्हणून जास्त आहे असं नाही. खाली समुद्र आहे."

ही गोष्ट नीट समजून घ्या. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि बेटाखाली साचतं. पण त्याच्या खाली खडकाचं तळ नाही, खारं पाणी आहे. गोडं पाणी हलकं, खारं जड, म्हणून गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं. भिंगासारखा थर असतो त्याचा, मधे जाड आणि काठाला पातळ. समुद्राला भरती आली की आडातलं पाणीही थोडं वर येतं आणि ओहोटीला खाली जातं. पुस्तकातला नियम असा, की समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट असतं. लहान बेटावर प्रत्यक्षात हा थर काही मीटरचाच भरतो. पण नियमाची उलटी बाजू बघा. वरून एक फूट उपसलं की खालचं खारं पाणी कितीतरी पटीनं वर सरकतं. जास्त उपसलं तर आड आटत नाही, मचूळ होतो. आणि थर सगळ्यांचा एकच असल्यामुळं शेजाऱ्यानं मोठी मोटर लावली तर तुमचाही आड मचूळ होतो.

हे कळल्यावर बेटावरच्या बाकी गोष्टींचा उलगडा आपोआप होतो. पत्र्यावरचं पाणी टाक्यांत का धरतात ते कळतं. रासायनिक खत का नाही तेही कळतं. 2020 साली सगळा लक्षद्वीप सेंद्रिय म्हणून जाहीर झाला, पण त्याच्या मुळाशी साधं कारण आहे. वाळूवर युरिया टाकला तर तो चार-पाच फुटांवरच्या पिण्याच्या पाण्यात जाणार. तिथं रान आणि पिण्याचं पाणी यांच्यात अंतरच नाही. जुन्या लोकांनी बेटाच्या मधोमध वाळू उपसून खोलगट शेतं केली होती, म्हणजे पिकाची मुळं ओलीला पोचावीत. पाणी वर ओढायच्या ऐवजी त्यांनी पीकच खाली नेलं. मला हा विचार फार आवडला.

मासेमारीतही तोच हिशेब दिसतो. ट्युना मासा हे तिथलं मुख्य पीकच म्हणा. तो जाळ्यानं ओरबाडत नाहीत, बांबूसारख्या काठीला गळ लावून एकेक मासा काढतात. मिनिकॉय बेटावर तो उकडून, धूर देऊन, उन्हात वाळवतात, त्याला मासमीन म्हणतात. महिनोन् महिने टिकतो. माडाचं तर सोडणापासून झावळीपर्यंत काही वाया जाऊ देत नाहीत. काथ्या वळतात, नीरेचा गूळ करतात.

आता कुणी म्हणेल, मग तिथं स्वर्गच आहे. अजिबात नाही. तांदूळ, भाजी, डिझेल सगळं जहाजातून येतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजांची ये-जा कमी होते. अवघड आजाराचा पेशंट हेलिकॉप्टरनं कोचीला न्यावा लागतो. 1847 च्या वादळात समुद्र कल्पेनीवर चढला होता, माणसं गेली, माड गेले. पाण्याचंही सगळं आलबेल नाही. वस्ती वाढली, संडासाच्या टाक्या आडाजवळ आल्या, मोटारी आल्या. म्हणून कवरत्तीला 2005 पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प चालतो, रोज एक लाख लिटरचा. साडेतीनशे मीटर खोलीवरचं थंड पाणी वर आणून त्यावर वाफ थंड करतात. हुशारीचं काम आहे, पण त्याला वीज लागते, आणि बेटावर वीज बहुतेक डिझेलची. फुकटचं गोडं पाणी पुरेनासं झालं की पुढचा प्रत्येक लिटर असा महाग पडतो.

म्हणून त्या साधेपणाचं नुसतं कौतुक करून यायचं आणि तिथं दिवसातून तीनदा आंघोळ करायची, हे बरोबर नाही. पाहुणे वाढवायचे असतील तर आधी पाणी मोजा आणि मग खोल्या बांधा, असं माझं मत आहे.

आता आपल्याकडं या. आपलं गावसुद्धा पाण्याच्या बाबतीत बेटच आहे. फरक एवढाच की आपल्याला किनारा दिसत नाही. काळ्या खडकातल्या भेगांत जे पाणी मुरतं तेवढंच आपलं. भेगा एकमेकींना जोडलेल्या, म्हणून एकाच्या बोअरनं दुसऱ्याची विहीर बसते. तिथं चूक झाली की दुसऱ्या दिवशी तोंडाला खारट लागतं. आपल्याकडं बोअरवाल्याची गाडी येते, अजून दोनशे फूट जाते, आणि आपण समजतो की पाणी सापडलं. शेतीसाठी 60 मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली जायला महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यानं मनाई आहे. किती जणांना माहीत आहे? रात्री गाड्यांचा आवाज येतो त्यावरून अंदाज करा.

काही जण म्हणतात, टेंभूचं पाणी आलंय, आता कशाला काळजी. कालव्याचं पाणी म्हणजे बेटावर येणारं जहाज समजा. आलं तर आनंद आहे, पण त्याच्या भरवशावर आड खारट करायचा नसतो. जहाज कधी येणार हे बेटावरचा माणूस ठरवत नाही, आणि आवर्तन कधी सुटणार हे आपण ठरवत नाही.

हे आपल्या मातीत जमत नाही असंही नाही. हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअर बंद केले, पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावर पिकं ठरवली. तिथं समुद्र नव्हता, तरी गावानं हद्द ओळखली.

माझं म्हणणं एवढंच आहे. दिवाळीनंतर गावातल्या पंचवीस-तीस विहिरींची पातळी दोरी टाकून मोजा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. त्या आकड्यावरून किती एकराला उन्हाळी पाणी पुरेल ते ग्रामसभेत ठरवा. नवीन बाग धरायची की नाही हे भावावरून न ठरवता फळ्यावरून ठरवा. पाणी कमी असेल त्या वर्षी आंबे बहार सोडून मृगाची वाट बघणं परवडतं. बाग जगली तर पुढच्या वर्षी भाव मिळवता येतो.

मी माझी विहीर दर पंधरा दिवसांनी मोजतो. दिवाळीला पाणी अठरा फुटांवर होतं, संक्रांतीला चोवीसवर गेलं. आमच्या ग्रामसभेत हा विषय घ्या म्हणून अर्ज दिलाय, बघू काय होतं. तुमच्याकडं संक्रांतीला पाणी किती फुटांवर होतं ते गावाच्या नावासकट खाली लिहा. कृषीवाली मंडळी वाचत असतील तर त्यांनी ताळेबंद सोप्या भाषेत कसा मांडायचा ते सांगावं. पुढच्या वेळी छाटणीवर लिहितो.