ताशावरचे हात कुणाचे?

अनंत चतुर्दशी उलटली की रायपुरात झांकीची रात्र येते. शारदा चौकातून निघालेल्या झांक्या जयस्तंभ, मालवीय रोड, कोतवाली, सदर बाजार, कंकालीपारा, पुरानी बस्ती, लाखेनगर करत पहाटेपर्यंत खारून नदीच्या महादेव घाटाकडे सरकत राहतात. राजनांदगावच्याही झांक्या येतात. लोक रोषणाई आणि देखावे बघायला येतात. मी धुमाल ऐकायला जातो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला माणूस विसर्जनाच्या गर्दीत काय करतो, असं आमच्या वस्तीतले मला विचारतात. ताशा ऐकतो, हे माझं उत्तर.

नागपूर-गोंदियाच्या वाचकांना धुमाल म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. ट्रकवर चढवलेला वाद्यांचा ताफा: ढोल, ताशे, नगारे, खुळखुळे, पॅड, आणि गाण्याची चाल वाजवणारा बँजो, म्हणजे विजेवर चालणारा बुलबुलतरंग. गाणारा कुणी नसतो. बँजोच गातो. वरती भोंगे आणि साउंड बॉक्सच्या भिंती. दोन पार्ट्या एका चौकात समोरासमोर आल्या की सामना सुरू होतो. मुद्दाम ठरवून भरवलेल्या स्पर्धाही होतात, पण खरी कुस्ती रस्त्यावरची. तिथे पंच नसतो. तरी कोण जिंकलं ते गर्दीला कळतं.

कसं कळतं, ते जरा सविस्तर सांगतो, कारण 'नुसता धांगडधिंगा' म्हणणाऱ्यांनी हे कधी ऐकलेलंच नसतं. ताशाचा झारा लांबवर चालतो तेव्हा प्रत्येक टिपरू सारख्या वजनाचं पडतंय का, हे आधी ऐकायचं. हात थकला की उजव्या-डाव्याचा फरक कानाला टोचतो. मग तोड. पंधरा-वीस वादक भर वेगात एकदम थांबतात, आख्खा चौक क्षणभर मुका होतो, आणि पुढचा ठोका सगळ्यांचा एकत्र पडतो. एकाचा जरी मागे राहिला तरी रसिक मान हलवून दुसऱ्या ट्रककडे वळतात. कमी प्रतीची पार्टी तोड झाकण्यासाठी आवाज वाढवते. चांगली पार्टी आवाज कमी करून दाखवते. आमच्यासारखे लोक हे मोबाईलवर टिपतात, गेल्या वर्षीच्या रेकॉर्डिंगशी ताडून बघतात, दुर्ग, भिलाई, राजनांदगाव, नागपूरपर्यंत मागे फिरतात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत तीच पार्टी भीमगीताची चाल वाजवते, तेव्हा ती आमच्या रस्त्यावर येते इतकाच फरक.

आता हात कुणाचे? आज ट्रकवर सगळ्या वस्त्यांची पोरं दिसतात. पण छत्तीसगडच्या लग्नांत पिढ्यानपिढ्या जो गंडवा बाजा वाजला, गुदुम, दफडा, टिमकी, मोहरी, तो गांडा जातीचा. मराठी कानाला हे नाव शिवीसारखं लागतं, म्हणून आधीच सांगतो: अनुसूचित जातींच्या सरकारी यादीत ते असंच छापलेलं आहे. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडी ग्रंथ आला. त्यात या जातीचे धंदे म्हणून विणकाम, गावची राखण आणि वाजंत्री नोंदले आहेत. राखण आणि वाजंत्री एका ओळीत, कारण दोन्ही गावाची चाकरी. बोलावलं की जायचं, वेगळ्या पंगतीत खायचं, नाही म्हणायचं नाही. वाद्यावरचं कातडं जातीला चिकटलं आणि जात हाताला.

म्हणून घरातला पहिला पदवीधर वाद्यापासून आधी हात लांब करतो. माझे वडील रेल्वेत होते. घरात एकही वाद्य नव्हतं, आणि तो योगायोग नव्हता. आजोबा भंडाऱ्याकडच्या गावात लग्नात डफडं वाजवत, हे मला वडिलांनी नाही, आत्यानं सांगितलं. वडिलांचा तो अबोला मला समजतो. १९२७ च्या महाडनंतर बाबासाहेबांच्या सांगण्यावरून हजारो घरांनी मेलेली ढोरं ओढणं सोडलं, १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणलं. चाकरीला नकार ही आपली कमाई आहे. आडनावामुळे कुणाच्या पोराच्या गळ्यात ताशा पडावा असं मला वाटत नाही. पण नकार दिला तो चाकरीला. ताशाला नव्हे.

अमेरिकेत ड्रम कोअर नावाचा प्रकार आहे. फुंकवाद्यं, तालवाद्यं आणि झेंडेवाले मिळून दीडशेच्या आसपास तरुण मैदानावर आकृत्या बनवत वाजवतात. १९७२ पासून त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात, अंतिम फेरी हल्ली इंडियानापोलिसच्या मोठ्या स्टेडियमात ऑगस्टमध्ये भरते. गुण शंभरपैकी, आणि तेही दशांश चिन्हापुढच्या आकड्यांपर्यंत. कॅलिफोर्नियाच्या ब्लू डेव्हिल्सना सर्वाधिक विजेतेपदं मिळाली आहेत, आणि चाहते वर्षानुवर्षांचे गुण पाठ म्हणून दाखवतात. महत्त्वाचं म्हणजे तिथे ढोल बडवण्यासाठी मुलगा स्वतः हजारो डॉलर भरतो, आणि घरचे तो मोठेपणा म्हणून शेजाऱ्यांना सांगतात. इथे वाजवणाऱ्याला पैसे मिळतात आणि शेजाऱ्यांपासून ते लपवावं लागतं. पैसा तिकडे श्रीमंतांची पोरं निवडतो, हेही विसरू नये. स्वर्ग तिकडेही नाही. पण गुणपत्रिका काय विचारते? कसं वाजवलंस. कुणाचा आहेस, हे नाही.

एवढ्या लांब जायचीही गरज नाही. पुण्याची ढोल-ताशा पथकं बघा. तिथे डॉक्टर, इंजिनिअर, कॉलेजच्या मुली ढोल कमरेला बांधतात आणि फोटो अभिमानाने लावतात. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने एका पथकात तीसच वादक अशी मर्यादा घातली. १२ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्देशाला स्थगिती दिली, आणि ढोल-ताशा हे पुण्याचं हृदय आहे अशा आशयाचं खुद्द सरन्यायाधीश बोलले. मला आनंद झाला. पण आमच्याकडे शब्द कसा छापून येतो? 'डीजे-धुमाल.' एका छोट्या आडव्या रेघेनं वाजवणारे वीस हात आणि बटण दाबणारं एक बोट सारखं करून टाकलं.

यावर उत्तर येईल की पुण्याची पथकं भोंगे लावत नाहीत. खरं आहे, आणि हा मुद्दा टाळून चालणार नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद. बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने गाड्यांवरच्या साउंड बॉक्सबद्दल सरकारला फटकारलं, ते योग्यच. म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, आणि सगळ्यात जवळ उभा असतो तो वादक. कानात कापूस घालून पहाटेपर्यंत. त्याच्या कानांची काळजी ना मंडळाला, ना पार्टीच्या मालकाला. माझा प्रश्न वेगळा आहे. गंडवा बाजाला कधी भोंगे नव्हते. तेव्हा त्याला रायपूरचं हृदय कोण म्हणालं?

इथलीच दुसरी गोष्ट पंथीची. १८ डिसेंबरला, गुरू घासीदासांच्या जयंतीला, मांदर आणि झांजेवर सतनामी पथकं नाचतात. सुरुवात संथ, मग लय चढत चढत पाय दिसेनासे होतात. दुर्गजवळच्या देवदास बंजारेंनी ही पंथी देशोदेशी नेली, हबीब तनवीरांच्या 'चरणदास चोर'मध्येही ती उतरवली. २००५ मध्ये ते गेले. आज त्यांच्या नावाने राज्याचा पुरस्कार आहे, पंथीच्या स्पर्धांना परीक्षक असतात, विजेत्या पथकाचं नाव वर्तमानपत्रात येतं. हा मान सरकारने आपणहून दिलेला नाही. समाजाने मांदरला स्वतःच्या गुरूचं वाद्य मानलं, मग बाहेरच्यांना मानावं लागलं. तामिळनाडूत परईचं असंच झालं. काहींनी ती वाजवायचं सोडलं, काहींनी प्रेतयात्रेला नकार देऊन मंचावर नेली, आणि २०२५ मध्ये परईवादक वेलू आसान यांना पद्मश्री मिळाली.

मग धुमालाचं काय करायचं? मला मैदानावरची एक स्पर्धा हवी आहे, दिवसा, आणि तिची पहिली फेरी बिनभोंग्याची. ज्याला वाजवता येतं तो उरेल. परीक्षकांत निम्मे तरी जुने वादक असावेत, संगीत महाविद्यालयाचे प्राध्यापक उरलेल्या खुर्च्यांवर बसोत. गुण फळ्यावर लावा. बक्षीस मालकाच्या हातात न देता वादकांत वाटा. बयाणा मालक घेतो, वादकाला रात्रीची रोजी मिळते, आणि पाऊस आला तर तीही अर्धी. हिशेब ठेवता येणारे, अर्ज लिहिता येणारे, माहितीचा अधिकार वापरता येणारे आपण आता घरोघरी आहोत. एखाद्या वस्तीतल्या चार पदवीधरांनी वादकांची नोंदणी करायला घेतली तरी सुरुवात होईल. कुणाचा हात किती वर्षांचा, कुणाचा कान अधू झालाय, कुणाला किती थकबाकी आहे.

ट्रकवर मालकाचं नाव आणि फोन नंबर हातभर अक्षरांत रंगवलेला असतो. ताशावाल्याचं नाव खाली उभं राहून विचारावं लागतं. मी हल्ली प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत ते लिहून ठेवतो. गेल्या वेळी दोघांनी हसून सांगितलं. तिसरा, जेमतेम विशीतला, काठ्या बगलेत धरून माझ्या वहीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काबर भैया, शिकायत करना हे का?"