वसतिगृहातला पहिला पावसाळा

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर शाळांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात तोवर आर्द्रा लागलेली असते, बांध्यांत धानाचे पऱ्हे टाकलेले असतात आणि नाले भरू लागलेले असतात. आश्रमशाळेत पहिल्यांदा राहायला जाणारे मूल नेमके याच दिवसांत घर सोडते. आलापल्लीपासून सुमारे ६५ किलोमीटर आत भामरागडजवळ इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या मिळतात. पर्लकोटेला पूर आला की हेमलकसा आणि भामरागड यांच्यामधला रस्ता वर्षानुवर्षे पाण्याखाली जात आला आहे आणि पलीकडची गावे तुटत आली आहेत. आतल्या टोल्यांची वाट अडवायला तर साधा नालाही पुरतो. शिवाय रोवणीच्या दिवसांत आईबापांचा पाय शेतातून निघत नाही. जूनमध्ये मुलाला सोडून गेलेला बाप पुन्हा कधी दिसेल हे पावसावर ठरते. त्यामुळे या भागात वसतिगृहातले पहिले वर्ष म्हणजे खरे तर पहिला पावसाळा. तो निभावला की मूल बहुधा शाळेत टिकते. म्हणूनच वसतिगृहाची सगळी व्यवस्था या चार महिन्यांकडे पाहून आखली गेली पाहिजे.

महाराष्ट्रात आदिवासी मुलांसाठी आश्रमशाळांची योजना १९७२-७३ पासून राबवली जाते. शाळा, राहणे, जेवण, कपडे आणि पुस्तके हे सारे एकाच आवारात, असे तिचे स्वरूप आहे. काही आश्रमशाळा शासकीय आहेत, काही संस्थांनी चालवलेल्या अनुदानित. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. आज तिथे गडचिरोली, अहेरी आणि भामरागड, तर चंद्रपूर जिल्ह्यात चंद्रपूर आणि चिमूर येथील प्रकल्प कार्यालये या शाळांचा कारभार पाहतात. आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे मात्र वेगळी. तिथे फक्त राहायची सोय असते; मूल शिकते गावातल्या दुसऱ्या शाळेत किंवा कॉलेजात. आश्रमशाळेत मुलांची जबाबदारी अधीक्षक आणि अधीक्षिकेवर असते, वसतिगृहात गृहपालावर.

घरापासून इतक्या लांब मूल पाठवायचे कारण सरळ आहे. जंगलातली वस्ती विखुरलेली असते. दहा-वीस घरांच्या टोल्यात शाळा असलीच तर चौथीपर्यंत, आणि पावसाळ्यात शिक्षक पोचतीलच असे नाही. पाचवीची शाळा नाल्यापलीकडे असते. काही आईबाप चौथीपर्यंत थांबतात, काही सहाव्या वर्षीच पहिलीत घालतात, कारण मोठी बहीण किंवा चुलतभाऊ आधीपासून तिथे असतो.

मुलांनी घराबाहेर, बरोबरीच्यांसोबत झोपणे ही गोष्ट गोंड आणि माडिया समाजाला नवी नाही. गावाचे गोटुल हे तरुणांचे एकत्र येण्याचे, नाचगाण्याचे, वडीलधाऱ्यांकडून ऐकण्याचे आणि गावाच्या बैठकीचे ठिकाण. बस्तरच्या मुरियांच्या घोटुलावर व्हेरियर एल्विन यांनी १९४७ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, त्यामुळे बाहेरच्या जगाला तेच रूप ठाऊक झाले. गडचिरोलीतल्या माडियांची रीत त्याहून वेगळी आहे आणि आज अनेक गावांत गोटुल मुख्यतः सभेची जागा आहे. तरी मोठ्या मुलांनी धाकट्यांना हाताशी धरून शिकवायचे, ही सवय तिथली आहे. वसतिगृहाने ती उचलली तर निम्मे काम सोपे होते. फरक अंतराचा आहे. गोटुल आईच्या हाकेच्या टप्प्यात असते.

प्रवेशाच्या दिवशी कागद आधी येतात. जन्माचा दाखला, आधार, जातीचा दाखला. टोल्यावरच्या पुष्कळ मुलांची जन्मतारीख घरात कुणी लिहून ठेवलेली नसते, त्यामुळे शाळेच्या दप्तरात जूनमध्ये जन्मलेली मुले नेहमीच जास्त आढळत आली आहेत. मग पत्र्याची पेटी येते. गणवेश, टॉवेल, तेलाची बाटली, साबण, घरून दिलेला भाजका खाऊ, एवढा तिचा संसार. कुलपाची किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात नाहीतर करगोट्याला बांधलेली असते. शेकडो मुलांच्या आवारात त्या मुलाच्या एकट्याच्या मालकीची तेवढीच जागा. पहिल्या आठवड्यात मुले दिवसातून कितीदा तरी पेटी उघडतात, आतले कपडे काढतात, पुन्हा घडी घालून ठेवतात. अनुभवी अधीक्षक त्यावरून रागावत नाही. किल्ली हरवली की मात्र मोठे संकट ओढवते. म्हणून शहाणी अधीक्षिका कुलपाची दुसरी किल्ली पहिल्याच दिवशी मागून घेते आणि तिला नावाची चिठ्ठी बांधून कपाटात ठेवते.

भाषेची अडचण सर्वांत मोठी. भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांतले मूल माडिया बोलते. ती द्रविड कुळातली भाषा आहे. मराठीशी तिचे नाते नाही. सिरोंचात तेलुगू, मुलचेरा आणि चामोर्शीच्या काही गावांत बंगाली, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढीची छाप. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती, राजुरा भागातली कोलाम मुले कोलामी बोलत येतात. शिक्षक आणि अधीक्षक बहुधा बाहेरचे आणि मराठी बोलणारे असतात. पोट दुखते, चादर ओली झाली, रात्री बाहेर जायला भीती वाटते, हे सांगायला सहा वर्षांच्या मुलाजवळ शब्द नसतात. मग ते गप्प राहते आणि त्या गप्प राहण्याची नोंद ‘शांत मुलगा’ अशी होते. पहिले काही महिने दुभाष्याचे काम त्याच गावची वरच्या वर्गातली मुले करतात. या मुलांना त्याबद्दल ना कुठली पदवी मिळते ना मोबदला, पण पहिलीचा वर्ग त्यांच्याच जिवावर चालतो. स्थानिक कामाठी आणि स्वयंपाकी यांचेही तसेच. नव्या मुलाशी त्याच्या बोलीत पहिले वाक्य बहुधा स्वयंपाकघरातून बोलले जाते. या जागा रिकाम्या राहिल्या किंवा बाहेरच्या माणसांनी भरल्या, तर नुकसान पगारपत्रकात दिसत नाही, ते पटावर दिसते.

जेवणात सकाळी पोहे किंवा उपमा, दोन वेळा भात-वरण, भाजी, पोळी. जंगलातल्या घरी भात असतो, पेज असते, आंबील असते, कोसरीसारखे भरड धान्य असते, पावसाळ्यात वास्ते म्हणजे बांबूचे कोंब आणि रानभाज्या, नाल्यातली मासळी. गव्हाची पोळी अनेकांच्या वाट्याला पहिल्यांदा येते ती इथेच. ती चावत बसावी लागते म्हणून मुले आधी बाजूला सारतात. घरी भूक लागली की खायचे, इथे घंटा झाली की. वाढपी भात किती घालतो यावर लहान मुलाचा सगळा दिवस अवलंबून असतो, आणि ‘अजून पाहिजे’ हे मराठीतले बहुधा पहिले वाक्य, जे ते पूर्ण शिकते.

रात्र अवघड असते. घरी सारे चुलीच्या आसपास, एकमेकांना लागून झोपतात. जुन्या आश्रमशाळांत दिवसा ज्या खोलीत वर्ग भरतो तिथेच रात्री सतरंज्या पडत आल्या आहेत. नव्या इमारतींत लोखंडी पलंग आले. पलंगावर एकटे झोपायची सवय नसलेली मुले मध्यरात्री उतरून दोघे-तिघे एकाच अंथरुणात सापडतात. त्यांना उठवून वेगळे करण्यात काही अर्थ नाही. पण जमिनीवर झोपण्यात धोका आहे. पावसाळ्यात साप आणि विंचू कोरड्या जागेकडे येतात, आणि मण्यारीसारखा रात्री फिरणारा साप झोपेत चावला तर मुलाला कळतही नाही. पलंग, खाली नीट खोचलेली मच्छरदाणी, स्वच्छतागृहापर्यंत उजेड, या तीन गोष्टी इथे सोयी म्हणून मोजता येणार नाहीत. त्यांच्यावर जीव अवलंबून असतो. आश्रमशाळांतल्या मुलांच्या मृत्यूंचा प्रश्न राज्यभर गाजल्यावर २०१६ मध्ये डॉ. सुभाष साळुंखे यांच्या समितीने त्याचा अभ्यास केला. त्या चर्चेत ताप आणि सर्पदंश हे शब्द पुन्हा पुन्हा येत राहिले.

राज्यातल्या हिवतापाच्या रुग्णांचा मोठा वाटा गडचिरोलीचा असतो. सुट्टीवरून परतलेल्या मुलाच्या अंगात हिवताप असू शकतो आणि डासांमार्फत तो सगळ्या खोलीत पसरू शकतो. म्हणून ताप आलेल्या मुलाचे रक्त त्याच दिवशी तपासले जाणे महत्त्वाचे. त्यातच या भागात सिकलसेल आहे. थंडीत, भिजल्यावर, पाणी कमी प्यायल्यावर हातपाय आणि सांधे असह्य दुखणारे मूल कामचुकार ठरवले जाण्याची भीती असते. प्रवेशाच्या वेळीच तपासणी झालेली असेल आणि तिचा निकाल अधीक्षकाच्या वहीत लिहिलेला असेल, तर अशा मुलाला पहाटे थंड पाण्याने आंघोळ आणि कवायत यांची सक्ती होत नाही.

मुलींचे पहिले वर्ष कधीकधी पाचवी-सहावीत पुन्हा सुरू होते. माडिया आणि गोंड गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रिया कुर्माघरात राहतात. ही वस्तीच्या कडेची लहान झोपडी. त्या दिवसांत स्वयंपाकघर, देव आणि घर यांच्यापासून दूर राहायचे, अशी रीत. वसतिगृहात कुर्माघर नसते. पहिली पाळी तिथे आलेली मुलगी त्याच पलंगावर झोपते, त्याच पंगतीत बसते आणि आपण काही चुकीचे करतो आहोत असे तिला वाटू शकते. दिवाळीला घरी गेल्यावर तिला पुन्हा कुर्माघरात बसावे लागते. या दोन घरांमधली ओढाताण तिला एकटीला सोसावी लागते. वसतिगृहात अधीक्षिकेची नेमणूक आहे की जागा रिकामी आहे, यावर फार काही ठरते. पुरुष शिक्षकाजवळ हे बोलले जात नाही, आणि न बोलता आल्याने शाळा सोडलेल्या मुलीच्या नावापुढे कारण म्हणून ‘घरकाम’ लिहिले जाते.

मुले पळून जातात. ती एकटी क्वचितच जातात. एकाच गावची तीन-चार मिळून ओळखीच्या पायवाटेने निघतात. घरी बाळ झाले, पंडुम म्हणजे गावाचा सण आला, कुणी मारले, ताप आला, किंवा नुसती आठवण आली. पावसाळ्यात यात खरा धोका नाल्याचा. म्हणून संध्याकाळची हजेरी काटेकोर हवी आणि परत आलेल्या मुलाला शिक्षा नको. शिक्षा झालेले मूल पुढच्या वेळी रात्री निघते. होळीनंतर मोहफुले पडू लागली की पुन्हा गळती लागते, कारण मोह वेचायला घरात प्रत्येक हात लागतो. याला पालकांची बेपर्वाई म्हणणे अन्यायाचे आहे. मोहावर घरचे काही महिने निघतात. सणावारी दोन-तीन दिवस रीतसर सोडणारी शाळा मूल गमावत नाही, हे जुन्या मुख्याध्यापकांना ठाऊक असते.

हेमलकशाची लोक बिरादरी आश्रमशाळा या सगळ्याचे नावाजलेले उदाहरण. बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्प डिसेंबर १९७३ मध्ये सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी दवाखाना चालवला आणि शाळा १९७६ मध्ये सुरू झाली. हा क्रम महत्त्वाचा होता. ज्यांनी आपले पोर बरे केले त्यांच्याकडे पोर ठेवायला हरकत नाही, असा विश्वास आधी तयार झाला. तिथल्या कार्यकर्त्यांनी माडिया शिकून घेतली. पुढच्या पिढीत समीक्षा आमटे यांनी माडियातून शिकण्याचे साहित्य केले. या शाळेतून शिकलेली मुले डॉक्टर, शिक्षक आणि पोलीस झाली, आणि त्यांतली काही त्याच भागात परतली. त्यांच्या मुलांना वसतिगृहाचा पहिला पावसाळा आईबापांइतका अनोळखी उरलेला नाही.

नवोदय विद्यालयांची वाट वेगळी. गडचिरोली जिल्ह्यात घोट आणि चंद्रपूर जिल्ह्यात तळोधी बाळापूर येथे ती आहेत. प्रवेश सहावीत, परीक्षा देऊन. तिथे घराबाहेर राहण्याची वेळ दोनदा येते, कारण नवोदयच्या पद्धतीप्रमाणे नववीतल्या काही मुलांना एका वर्षासाठी हिंदी भाषक प्रदेशातल्या विद्यालयात पाठवतात.

बारावीनंतर शहर येते. गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोलीत झाले, त्यामुळे पदवीसाठी नागपूर गाठण्याची सक्ती कमी झाली. तरी चंद्रपूर, नागपूर, पुण्याचा ओघ आहेच. शासकीय वसतिगृहाची गुणवत्ता यादी लागेपर्यंत कॉलेज सुरू झालेले असते. तोवर नवा मुलगा आपल्या तालुक्यातल्या जुन्या मुलांच्या खोलीत पाहुणा म्हणून राहतो, त्यांच्याच ताटात जेवतो आणि बँकेचे खाते, बसचा पास, अर्जाची प्रत हे सारे त्यांच्याकडून शिकतो. ज्यांना जागा मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६ पासून पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे; जेवण, भाडे आणि निर्वाहाचे पैसे खात्यात जमा होतात. शहरी वसतिगृहांतली खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात द्यायचे ठरले तेव्हा जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. त्यांचा मुद्दा रास्त होता, कारण हप्ता उशिरा आला तर जेवण उशिरा करता येत नाही. तो येईपर्यंत जंगलपट्ट्यातल्या पुष्कळ घरांतून खोलीचे भाडे जाते ते मे महिन्यातल्या तेंदूपत्त्याच्या मजुरीतून.