विषाचे नाव वेळेवर कळावे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तूर फुलावर आली होती. माझा चुलतभाऊ दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी करीत होता. संध्याकाळी त्याला दरदरून घाम सुटला, तोंडातून लाळ गळू लागली, डोळ्यांना अंधुक दिसू लागले. आम्ही त्याला तालुक्याच्या गावी नेले. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, “कोणते औषध मारले?” कोणालाच सांगता येईना. दुकानदाराने दिलेली दोन औषधे त्याने पंपात एकत्र केली होती. बांधावरच्या रिकाम्या बाटल्या शोधून आणीपर्यंत रात्र झाली, आणि लेबले तर भिजून गेलेली! लक्षणे पाहून डॉक्टरांनी अॅट्रोपिन सुरू केले होते म्हणून भाऊ वाचला.

तेव्हापासून एक विचार मनातून जात नाही. तो दगावला असता तर त्याचा व्हिसेरा कलबुर्गीच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला असता आणि यथावकाश विषाचे नाव कागदावर आले असते. म्हणजे आपल्याकडे विषाचे शास्त्र आहे, पण ते मेलेल्याच्या कामी येते. जिवंत माणसाला त्याचा उपयोग कधी होणार?

मोठा अनर्थ घडला की आपण तेवढ्यापुरते जागे होतो. 1958 साली केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या पिठाने शंभरावर माणसे गेली. पुढे 1968 साली कीटकनाशक कायदा आला. 1984 साली भोपाळला वायुग्रस्तांना सोडियम थायोसल्फेट द्यावे की नाही, यावरच वाद होत राहिला. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आणि अगदी आपल्या शेजारी, पूर्वीच्या गुलबर्गा व आजच्या यादगीर जिल्ह्यातील किरदळ्ळी तांड्यावर, लोक आर्सेनिकयुक्त पाणी पीत होते. त्यांच्या अंगावर डाग उठले, तरी ते का उठले हे कळायला फार उशीर झाला.

लखनौला 1965 पासून विषविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. दिल्लीच्या एम्समध्ये 1995 पासून विषबाधेविषयी सल्ला देणारे केंद्र आहे. पण औराद, आळंदहून लखनौ-दिल्ली फार लांब!

कोणी म्हणेल, गरीब देशाला ही चैन परवडेल काय? त्यांनी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांकडे पाहावे. ते आपल्या शेजारच्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले. कोकणातल्या लहानशा आरोग्य केंद्रात ते विंचवाच्या रुग्णांजवळ रात्र-रात्र बसले आणि नोंदी ठेवीत गेले. प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे औषध तेथे उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवून दिले. गंभीर दंशाने शंभरांतले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण अगदी अल्प झाले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु अशा एकट्या माणसाच्या जिद्दीवर किती दिवस विसंबायचे? त्यासाठी पेशा उभा राहिला पाहिजे.

आपल्याकडे साधने नाहीत असे नाही. बीदरला वैद्यकीय महाविद्यालय व पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. कलबुर्गीला वैद्यकीय व कृषी महाविद्यालये, विद्यापीठ आणि वर सांगितलेली प्रयोगशाळा आहे. कोवळ्या ज्वारीतले सायनाइड गुरांना कसे मारते व त्यावर उतारा काय, हे पशुवैद्य शिकतो. फवारणीची औषधे कृषी पदवीधर ओळखतो. पृथक्करण रसायनशास्त्राचा विद्यार्थी करतो. या सर्वांना एकत्र आणणारा विषविज्ञानाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम येथेच निघावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक प्रशिक्षित विषतज्ज्ञ असावा आणि रक्तातले कोलिनेस्टरेज केव्हाही तपासता यावे. नोकरीची जागाच नसेल तर कोणता हुशार मुलगा वा मुलगी हा विषय घेईल?

ते होईल तेव्हा होवो. विद्यार्थी मित्रांनो, एक काम आपण यंदाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातच करू शकतो. गावात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकांची नावे, त्यांतले घटक आणि लाल, पिवळा, निळा, हिरवा या खुणांचा अर्थ यांचा एक तक्ता मराठीत व कन्नडात करून पंचायतीच्या भिंतीवर लावू. आपण दोन्ही भाषांत या विषाला ‘औषध’ म्हणतो. निदान त्या औषधाचे खरे नाव तरी दोन्ही भाषांत माणसांना माहीत असू द्या.