विश्लेषण : राणीच्या बागेचा हिशेब कोण मागणार?

जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले. मुंबईकरांना ते दिसण्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, त्यांतला एक दगावला. मार्च २०१७ मध्ये कक्ष खुला झाला आणि ऑगस्टमध्ये मोठ्यांचे प्रवेश शुल्क ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले. २०२१ मध्ये देखभालीच्या सुमारे १५ कोटींच्या निविदेवरून राजकीय धुरळा उडाला. तो खाली बसला, पण मूळ प्रश्न कायम आहे. प्राण्यांवर किती पैसा खर्च होतो, तो कशावर होतो आणि त्याचा जाब कोण विचारतो?

बाग कोणाची?

वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय हे या बागेचे अधिकृत नाव. ती मुंबई महापालिकेची आहे. कर्मचाऱ्यांचे पगार, प्राण्यांचे खाद्य, औषधे, नवे कक्ष हा सारा खर्च पालिकेच्या अर्थसंकल्पातून होतो. म्हणजे बागेत कधीही पाऊल न ठेवणारा करदाताही तिचा खर्च उचलतो.

नियम कोणाचे?

दिल्लीतील केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचे. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर १९९२ मध्ये ते स्थापन झाले. त्याच्या मान्यतेविना देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. २००९ च्या नियमांत कक्ष, पशुवैद्यकीय सेवा, प्राण्यांच्या नोंदी आणि मृत्यूनंतरचे शवविच्छेदन यांच्या अटी आहेत.

मान्यता गेली तर?

२०१८ मध्ये प्राधिकरणाने राज्यातील दोन प्राणिसंग्रहालयांची मान्यता रद्द केली. एक तेव्हाच्या औरंगाबाद महापालिकेचे सिद्धार्थ उद्यान, दुसरे नागपुरात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे असलेले महाराजबाग. दोन्ही ठिकाणी टाळे मात्र लागले नाही. कायद्यात केंद्र सरकारकडे अपिलाची सोय आहे. शिवाय वाघ-बिबट्यांना एका रात्रीत हलवणार कुठे? फेब्रुवारी २०२० मध्ये राणीच्या बागेत वाघांची जोडी आली, तीही सिद्धार्थ उद्यानातूनच.

यातून एक गोष्ट दिसते. प्राधिकरण त्रुटी दाखवू शकते, मान्यता काढू शकते. पण जागा आणि पैसा मालकानेच द्यायचा असतो. मालकाने हात आखडला तर शिक्षा पिंजऱ्यातल्या प्राण्याला होते.

मग मालकाला कोण विचारणार?

हे काम नगरसेवकांचे आणि स्थायी समितीचे. मार्च २०२२ मध्ये मुंबई पालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. २०२३, २०२४ आणि २०२५ चे अर्थसंकल्प प्रशासकांच्याच हाती राहिले. खर्चावर बोट ठेवणारे सभागृहच त्या काळात नव्हते.

काय व्हायला हवे?

बागेने नफा कमवावा, असे कोणी म्हणणार नाही. मुलाबाळांना घेऊन एक दिवस स्वस्तात घालवता येईल अशा जागा मुंबईत उरल्यात किती? तिकीट परवडणारे राहायचे तर करदात्याचा पैसा लागणारच. पण त्याचा हिशेब उघड हवा, आणि त्यासाठी तीन गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, बागेचा जमाखर्च दरवर्षी स्वतंत्रपणे संकेतस्थळावर यावा. खाद्य, उपचार, बांधकाम आणि सुशोभीकरण यांचे आकडे त्यात वेगवेगळे असावेत.

दुसरी, प्राणी दगावला तर त्याची माहिती आणि शवविच्छेदनाचा निष्कर्ष ठरावीक मुदतीत जाहीर व्हावा. माहितीच्या अधिकारात अर्ज करण्याची वेळ नागरिकांवर येऊ नये.

तिसरी, नवा परदेशी प्राणी आणण्यापूर्वी त्याच्या पूर्ण आयुष्याचा अंदाजे खर्च सभागृहापुढे ठेवावा.

या तिसऱ्या मागणीचे कारण पेंग्विन कक्षातच आहे. हा पक्षी पंधरा-वीस वर्षे सहज जगतो. २०२१ ची वादग्रस्त निविदा होती तीन वर्षांची. कंत्राटदार बदलतील, सत्ताधारीही बदलतील, पण काचेपलीकडची थंडी एक दिवसही बंद ठेवता येणार नाही. ही जबाबदारी किती वर्षांची आणि किती रुपयांची, हे प्राणी आणण्याआधीच मुंबईकरांना सांगायला हवे.