दोन सुरांची धून आणि भरलेले सभागृह

23 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशीचे खेळाडू मैदानात येत होते. कोरोनामुळे प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मेरी कोम आणि मनप्रीत सिंग तिरंगा घेऊन चालताना आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिले असेल. त्या संचलनामागे वाद्यवृंदाचे जे भारदस्त संगीत वाजत होते, ते लष्करी बँडचे नव्हते, की जुन्या युरोपीय संगीतकारांचेही नव्हते. ते व्हिडिओ गेममधले होते. सुरुवातच ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी खेळाच्या धुनेने झाली.

मी या संगीताची चाहती आहे. उर्दू-मराठी शिकवणाऱ्या बाईंना हा कसला नाद, असे स्टाफरूममध्ये विचारले जाते. संगीताबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत, त्या वादात आज मी शिरत नाही. पण ज्याला आपण ‘मोबाईलची टिवटिव’ म्हणून झिडकारतो, त्यामागे केवढी मेहनत आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या वयाच्या वाचकांना टीव्हीला जोडायचा तो गेम आठवत असेल. कॅसेट घालायची आणि सुट्टीभर मारिओ खेळायचे. मूळ जपानी यंत्र 1983 मध्ये आले. त्यात सूर काढणारे आवाज तीनच होते आणि चौथा नुसता खरखराट, तो ढोल-ताशासारखा वापरायचा. उड्या, ठोसे, नाणी यांचे आवाजही यातच भागवायचे. जागा किती? सुपर मारिओचा पहिला खेळ चित्रे आणि संगीतासकट अवघ्या 40 किलोबाईटमध्ये बसवलेला होता. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा ईदच्या शुभेच्छांचा फोटोही बहुधा त्याहून मोठा असतो.

एवढ्याशा जागेत कोजी कोंडो यांनी 1985 मध्ये जी धून बसवली, ती आज जगभर ओळखली जाते. तिच्यावर अट अशी होती, की मूल तीच पातळी पन्नासदा हरले तरी पन्नासाव्या वेळी तिचा कंटाळा येता कामा नये.

गझल शिकवताना मी मुलांना सांगते, शायराकडे दोनच मिसरे असतात. वजन ठरलेले, काफिया ठरलेला, रदीफ ठरलेली. त्या बंधनात बसते तेच लोकांच्या तोंडी राहते. या संगीतकारांचेही तसेच होते. गाजावाजा करायला वाद्येच नव्हती, म्हणून सगळा भार चालीवर आला आणि चाल पक्की झाली.

‘ड्रॅगन क्वेस्ट’चे संगीतकार कोइची सुगियामा (1931–2021) हे टीव्हीसाठी आणि गाण्यांसाठी संगीत देणारे नावाजलेले गृहस्थ. त्यांनी एका संगणकीय बुद्धिबळासारख्या खेळाबद्दलचे मत कार्डावर लिहून एनिक्स कंपनीला कळवले आणि त्यातून हे काम त्यांच्याकडे आले. 1986 मध्ये खेळ बाजारात आला तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. मुलांचा खेळ आहे म्हणून त्यांनी पाट्या टाकल्या नाहीत. त्यातले राजवाड्याचे संगीत ऐका. दोन सूर एकमेकांच्या मागे-पुढे चालतात आणि जुन्या युरोपातला दरबार उभा राहतो. गुहेत गेलात, की जसजसे एकेक मजला खाली उतराल तसतशी तीच धून खालच्या पट्टीत आणि संथ होत जाते. अंधार दाट झाला हे कानालाच कळते.

मग 20 ऑगस्ट 1987 रोजी टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये हेच संगीत खऱ्या वादकांनी वाजवले. गेमच्या संगीताची ही पहिली जाहीर मैफल मानली जाते. तिचे नाव होते ‘फॅमिली क्लासिक कॉन्सर्ट’. हे नाव मला फार आवडते. पोर चालीसाठी येणार, आई-वडील व्हायोलिनसाठी येणार आणि दोघे शेजारी बसून एकच गोष्ट ऐकणार.

वाद्यवृंदासाठी ही धून नव्याने लिहावी लागते. खेळात संगीताला शेवट नसतो, मूल खेळत राहील तोवर ते गोल-गोल फिरत राहते. मैफलीत मात्र त्याला सुरुवात, चढ आणि शेवट हवा. यंत्रातला एक बारीक सूर कुठे बासरीला द्यायचा, कुठे व्हायोलिनच्या अख्ख्या रांगेला, हे ठरवावे लागते. म्हणून ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची सलामी पितळी वाद्यांवर ऐकताना अंगावर काटा येतो. धून तीच असते, फक्त तिला आता मोकळे अंगण मिळालेले असते.

जपानबाहेर ही वाट 2003 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिग शहरात गेवांडहाउस सभागृहात खुली झाली. तिथे चेक नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्राने गेमचे संगीत वाजवले. 2022 मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसी प्रॉम्ससारख्या मानाच्या महोत्सवात रॉयल फिलहार्मोनिकने त्यावर अख्खी संध्याकाळ दिली. प्रत्येक वेळी ते जमतेच असे नाही. कधी ढोल आणि तुताऱ्यांच्या गर्दीत मूळ चालच हरवते. अलीकडच्या कितीतरी खेळांना पहिल्यापासूनच मोठा वाद्यवृंद मिळतो, पण खेळ बंद केल्यावर गुणगुणायला काही उरत नाही.

मुलांच्या खेळण्याला वेळेचे बंधन घालावेच, त्यात सूट नाही. पण रागावण्याआधी एकदा त्यांच्याजवळ बसून विचारा, “बेटा, या खेळातली तुला आवडलेली धून कोणती?” आधी ती यंत्राच्या आवाजात ऐका, मग तीच वाद्यवृंदावर शोधून दोघांनी ऐका. कोणता सूर कोणत्या वाद्याकडे गेला, ते त्याला ओळखू द्या. बहुतेक वेळा मूल तुमच्या आधी ओळखेल, कारण त्याने ती धून शेकडो वेळा कान देऊन ऐकलेली असते. ज्याला आपण त्याचा वाया गेलेला वेळ समजत होतो, त्यातला थोडा त्याच्या कानात शिकवण म्हणून जमा झाला आहे, हे तुम्हालाही तेव्हा कळेल.