अंतर्गत चौकशीआड हरवलेले कलम १९

शाळांतील बालसुरक्षेचा विषय निघाला की राजधानी परिसरात आजही गुरुग्रामचा दाखला दिला जातो. ८ सप्टेंबर २०१७ रोजी तेथील रायन इंटरनॅशनल शाळेत दुसरीतील मुलाचा खून झाला. लैंगिक अत्याचाराच्या प्रयत्नातून हे घडल्याचे सांगून हरियाणा पोलिसांनी बसवाहकाला अटक केली. चारच दिवसांत सीबीएसईचे परिपत्रक निघाले: दोन महिन्यांत सुरक्षा तपासणी करा, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी आणि मानसशास्त्रीय चाचणी घ्या, चालक, वाहक, शिपाई यांच्याबाबत विशेष दक्ष राहा. नोव्हेंबरमध्ये सीबीआयने अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले आणि पुढे वाहक आरोपमुक्त झाला. पोलिसांची कथा कोसळली. तिच्या धास्तीतून उभी राहिलेली व्यवस्था मात्र कायम राहिली.

ती सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे मी म्हणणार नाही. २०२० च्या पॉक्सो नियमांनीही कर्मचाऱ्यांची पडताळणी व प्रशिक्षण बंधनकारक केले आहे. पण पडताळणीत जुना गुन्हा असला तरच दिसतो, आणि वर्गात बसवलेला कॅमेरा स्वच्छतागृहात पोहोचत नाही. शिवाय संशयाची सुई दरवेळी सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडे वळवणे संस्थाचालकांना सोयीचेच असते.

कायद्याचा खरा भार कलम १९ वर आहे. गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची शक्यता वाटली, तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला खबर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. पुरावा गोळा करण्याची अट नाही आणि सद्हेतूने दिलेल्या खबरीला संरक्षण आहे. खबर न देणाऱ्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत, तर हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी अंतर्गत चौकशी, मग पाहू’ हा अधिकार शाळेला कोणी दिलेला नाही. त्या चौकशीत मुलाला तीच हकीकत मुख्याध्यापक, विश्वस्त, समुपदेशक यांच्यापुढे पुन्हा पुन्हा सांगावी लागते, आणि तोवर वैद्यकीय पुरावा हातून जातो.

महाराष्ट्रातील वाचकांना हे परके नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात जनक्षोभ उसळल्यानंतर शाळेने खबर न दिल्याचा मुद्दा उच्च न्यायालयात आला. त्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृह प्रकरणात, मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरविरुद्धची कारवाई उच्च न्यायालयाने रद्द केली होती. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. माहिती असूनही मौन बाळगणे हा गंभीर गुन्हा असून बहुधा तो अपराध्याला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असे न्यायालयाने बजावले.

तरीही शाळांची तपासणी कॅमेरे मोजण्यातच संपते. संलग्नतेच्या नूतनीकरणावेळी सीबीएसईने प्रत्येक शाळेला आणखी दोन नोंदी मागाव्यात: तक्रार शाळेच्या कानावर कोणत्या दिवशी, किती वाजता आली, आणि पोलिसांना ती कधी कळवली.