आकार कोणत्या जोराने घडला?

येलदरीला सहल जाते तेव्हा सगळे पाणी पाहतात. धरणाचा आकार क्वचितच कोणी पाहतो. पूर्णा नदीवरचे, १९६८ साली पूर्ण झालेले हे धरण मातीचे आहे. पायथ्याशी रुंद, माथ्याशी अरुंद. हा उतार कोणाच्या लहरीने ठरत नाही. माती उभ्या कडेने टिकत नाही. शिवाय पाणी झपाट्याने उतरले की आत भिजून राहिलेली माती घसरू पाहते. म्हणून मातीच्या धरणाची पाण्याकडची बाजू सामान्यतः अधिक पसरट ठेवतात. आकार स्थिर असतो, पण पाण्याची हालचाल त्यात आधीच मोजलेली असते.

नेमका हाच विचार अमेरिकन वास्तुरचनाकार ग्रेग लिन यांनी १९९९ च्या ‘अ‍ॅनिमेट फॉर्म’ या पुस्तकात मांडला. नाव पाण्यात आपला आकार बदलत नाही, तरी प्रवाहाचे भान तिच्या वळणातच असते, हा त्यांचा दाखला. चित्रपटांत वापरली जाणारी अ‍ॅनिमेशनची साधने त्यांनी इमारतीकडे वळवली. संगणकावर आकारावर निरनिराळे जोर सोडायचे, तो बदलू द्यायचा आणि एका क्षणी थांबवायचा, अशी ही रीत.

पण कोणत्या क्षणी थांबवायचा? डोळ्यांना बरा वाटेल त्या क्षणी, असे उत्तर असेल तर ती नुसती नक्षी झाली. स्पेनच्या गाउदींनी दोऱ्यांना वजने टांगली आणि ती आकृती उलटी करून कमानी शोधल्या. जर्मनीचे फ्राय ऑटो साबणाच्या पापुद्र्यांवरून ताणलेल्या छतांचा अभ्यास करीत. दोरीला खोटे बोलता येत नाही. संगणक मात्र आपण सांगू तो जोर खरा मानतो.

म्हणून जोर आपल्या मातीतले हवेत. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि आपण जाड भिंतींची माळवदे मोडून पातळ स्लॅबच्या पेट्या बांधतो. दिवसभर सरकणारी सावली, वैशाखातला वारा, स्लॅबमध्ये साठून रात्री घरात उतरणारी धग हे सारे पडद्यावर चालते करून पाहता येते. छताचा आणि ओसरीचा आकार त्यांनाच ठरवू द्यावा. अ‍ॅनिमेशनचे खरे काम हेच.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. मित्रहो, उद्या घराचा नकाशा काढून घेणारे आपणच असू. पडद्यावर गरगर फिरणारे देखणे चित्र समोर आले की भुलून मान डोलवण्यापूर्वी एवढेच विचारावे: हा आकार कोणत्या जोराने घडला? उत्तर मिळाले नाही, तर ते घर आपले नव्हे.